बाल्कनीतील कोथिंबीर, पुदिना आणि कढीलिंब: पुण्याच्या हवेत नेमके काय चुकते आहे?

सावलीतली कुंडी

नमस्कार. कोथरूडमधील एका इमारतीत आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. आमची बाल्कनी दक्षिणेकडे उघडते. ती बारा फूट लांब आणि चार फूट रुंद असून वर चौथ्या मजल्याच्या बाल्कनीचे छत आहे आणि कठडा लोखंडी गजांचा आहे. रोजच्या स्वयंपाकाला लागणारी हिरवी पाने घरची असावीत, एवढ्याच हेतूने एप्रिलमध्ये सहा कुंड्या आणून मी सुरुवात केली. आता दिवाळी तोंडावर आली असून सहापैकी चार कुंड्या रिकाम्या आहेत, म्हणून जाणकारांना विचारते आहे.

कोथिंबीर तीनदा पेरली. पहिल्या वेळी वाण्याकडचे धणे डब्यातून काढून जसेच्या तसे मातीत टाकले, त्यांतले चार-पाच उगवले. दुसऱ्या वेळी रात्रभर भिजवून पेरले, तेव्हा उगवण बरी झाली. परंतु रोपे दोऱ्यासारखी बारीक व लांब होऊन आडवी पडली. जूनच्या आरंभी तिसऱ्यांदा पेरले तेव्हा जी मोजकी रोपे उभी राहिली, त्यांना वीतभर उंचीवरच शेपूसारखी बारीक पाने फुटली आणि पाठोपाठ फुले आली. नर्सरीतून आणलेला पुदिना जुलैपर्यंत छान होता. नंतर पानांच्या खालच्या बाजूस विटकरी रंगाची पूड दिसू लागली आणि पंधरा दिवसांत काड्या तेवढ्या उरल्या. कढीलिंब जिवंत आहे, पण त्याची नवी पाने पिवळी येतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शेजारच्या काकूंनी ताक घालण्यास सांगितले, ते पंधरवड्यातून एकदा घालते आहे. त्याने मुंग्या मात्र वाढल्या.

आमच्याकडे महापालिकेचे पाणी पिण्यापुरते वापरतो, वापरासाठी बोअरचे पाणी आहे आणि झाडांनाही तेच जाते. माती इमारतीच्या मागच्या बाजूची काळी आहे. तिच्यात शेणखत मिसळले आहे.

यात कोठे काय चुकले, आणि आता दिवाळीनंतर काय लावावे, हे कृपया सांगावे. मंडईत जुडी मिळत असताना हा खटाटोप कशासाठी, असे घरात रोज ऐकावे लागते. त्याचेही उत्तर कोणाजवळ असल्यास उपकार होतील.

गच्चीवरचा माळी

ताई, आपण लक्षणे इतकी नेमकी लिहिली आहेत की निम्मे निदान आपणच केले आहे. माझ्या मते आपल्या हातून चूक एकच झाली, ती म्हणजे दक्षिणेकडच्या बाल्कनीत एप्रिलमध्ये सुरुवात करणे. बाकीचे बरेचसे त्यातूनच ओढवले.

दक्षिणेच्या बाल्कनीला भरपूर ऊन मिळते असा आपला सर्वसाधारण समज असतो. पुणे साधारण साडेअठरा अक्षांशावर आहे. मेच्या मध्यास सूर्य भर दुपारी बरोबर आपल्या डोक्यावर येतो. ज्या दिवशी सावली पायाखाली नाहीशी होते आणि वर्तमानपत्रांत शून्य सावलीची बातमी येते, तोच हा दिवस. त्यानंतर जुलै संपेपर्यंत माध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेस असतो, आणि तो उगवतो व मावळतोही उत्तरेकडे सरकून. म्हणजे वर छत असलेल्या आपल्या बाल्कनीला मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत थेट ऊन जवळजवळ मिळतच नाही. एप्रिलमध्येही दुपारचा सूर्य इतका उंच असतो की छताची सावली कुंड्यांवरच पडते. रोपांना समोरच्या भिंतींचा आणि फरशीचा ताप मिळाला, पण उजेड मिळाला नाही. उजेडाच्या शोधात रोपे लांबली आणि पडली. जी उरली त्यांनी उष्म्याला घाबरून, पाने करण्याऐवजी बी धरण्याची घाई केली. कोथिंबीर हे थंडीचे पीक आहे. पारा तिशीच्या वर राहू लागला आणि दिवस मोठे झाले की ती फुलावर जाणारच. त्यात आपल्या हाताचा दोष नाही.

आता याची दुसरी बाजू पाहा. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्यात दुपारचा सूर्य क्षितिजापासून सुमारे अठ्ठेचाळीस अंशांवरच असतो. नऊ फूट उंचीच्या छताखालून ते ऊन सुमारे आठ फूट आत येते. आपली बाल्कनी चार फुटांची, म्हणजे ते दारातून थेट दिवाणखान्यात शिरेल. कठडा गजांचा असल्याने अडथळाही नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने कोथिंबीर, मेथी, शेपू आणि लसणीची पात यांसाठी आपल्यासारखी जागा पूर्वेच्या बाल्कनीवाल्यांनाही मिळत नाही.

पेरणीबद्दल थोडे विस्ताराने सांगतो, कारण धणे टाकणे आणि धणे पेरणे यांत फरक आहे. आपण ज्याला एक धणा म्हणतो ते वस्तुतः फळ असते आणि त्यात दोन बिया एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात. मूठभर धणे पोळपाटावर पसरून लाटण्याचा हलका दाब द्यावा. लाटणे दाबून फिरवू नये, नुसते टेकवून पुढे न्यावे. चर्र असा आवाज येतो आणि धण्याच्या दोन वाट्या होतात. पूड होऊ लागली, तर दाब जास्त झाला असे समजावे. या फोडलेल्या धण्यांना रात्रभर भिजवून, सकाळी फडक्यावर सुकवून, अर्धा इंच खोल पेरावे. वाण्याकडचे धणे चालतात, पण ते नव्या हंगामाचे असावेत. वर्षानुवर्षे डब्यात पडलेले किंवा भाजलेले नसावेत. हल्लीच्या हवेत आठ ते बारा दिवसांत ते उगवतात. कोथिंबिरीला सोटमूळ असते, त्यामुळे एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत रोप हलवू नये. जेथे वाढवायची तेथेच पेरावी. कुंडी रुंद असावी आणि माती किमान सहा इंच खोल असावी. सगळे धणे एकदम न पेरता दर पंधरा दिवसांनी थोडे थोडे पेरल्यास फेब्रुवारीपर्यंत हाताशी पाने राहतात. उपटू नये, बाहेरच्या काड्या कात्रीने कापाव्यात, आतला कोंब ठेवावा, म्हणजे त्याच रोपांवर आणखी दोन कापण्या मिळतात.

पुदिन्यावर पडला तो तांबेरा. पावसाळी दमट हवेत, दाटीने वाढलेल्या पुदिन्यावर तो येतोच. दिसताक्षणी सगळा पुदिना जमिनीलगत कापून टाकावा आणि ती पाने कंपोस्टमध्ये न घालता कचऱ्यात द्यावीत. खाली मुळे शाबूत असली तर आठवडाभरात स्वच्छ फूट येते. आपल्या कुंडीत काही उरले नसेल तर नर्सरीत जाण्याचे कारण नाही. मंडईतून आणलेल्या जुडीतल्या चार जाड काड्या घ्याव्यात, खालची पाने काढावीत आणि पेल्यातल्या पाण्यात ठेवाव्यात. आठ-दहा दिवसांत मुळे सुटतात. पुदिना आडवा पसरतो, म्हणून त्याला उथळ पण रुंद टब द्यावा आणि दुसऱ्या कोणाच्या शेजारात लावू नये, कारण तो शेजाऱ्याची जागा बळकावल्याशिवाय राहत नाही.

मातीपाणी

वरच्या प्रतिसादातील उन्हाचा हिशेब पटला. कढीलिंबाचे उत्तर मात्र उन्हात नसून आपल्या माती-पाण्यात आहे, असे मला वाटते.

जुनी, खालची पाने पिवळी पडत असतील तर झाडाला नत्र कमी पडते आहे असे समजतात. नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या, हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण आहे. यातली मेख अशी की मातीत लोह नसते असे नाही. माती विम्लधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची, झाली की असलेले लोह मुळांना घेता येत नाही. आपली काळी माती मुळात त्या बाजूला झुकलेली असते आणि बेसाल्टच्या खडकातून उपसलेले बोअरचे पाणी जड असते. कुंडीच्या काठावर पांढरा थर धरला आहे का, ते पाहावे. धरला असेल तर तोच थर आत मुळांभोवतीही साचतो आहे. शिवाय शेतात पोसणारी काळी माती कुंडीत पाणी धरून बसते, ओली असताना चिकट होते, वाळली की भेगा पडून कुंडीच्या कडेने सुटते, आणि मग घातलेले पाणी त्या फटीतून थेट खालच्या ताटलीत जाते. वरून पाहणाऱ्याला वाटते, झाडाला भरपूर पाणी मिळाले.

उपाय असा. थंडी ओसरल्यावर, फेब्रुवारीच्या अखेरीस, झाड कुंडीतून काढून मुळांभोवतीची निम्मी माती सैल करून टाकावी आणि लाल माती, चाळलेले गांडूळखत व कोकोपीट समप्रमाणात घेऊन, त्यात दोन मुठी निंबोळी पेंड मिसळून नव्याने भरावी. हे आत्ता करू नये. पुण्याच्या थंडीत कढीलिंब जवळपास झोपलेला असतो, पानेही गाळतो, आणि मुळे दुखावली तर सावरायला त्याला वेळ लागतो. तोपर्यंत पिण्याच्या पाण्यातलेच तांब्याभर त्याला द्यावे. भाजी-तांदूळ धुतलेले पाणी चालते, पण तेही बोअरचे नसावे. फार पिवळा दिसत असेल तर कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपातले लोह मिळते, ते पाकिटावरील प्रमाणातच द्यावे. पावसाळ्यात शक्य असेल तितके दिवस ही कुंडी उघड्यावर ठेवावी, कारण पावसाच्या पाण्याने साचलेले क्षार जसे धुऊन जातात तसे दुसऱ्या कशाने जात नाहीत.

ताकाविषयी दोन शब्द, कारण पुण्यात कढीलिंब आणि ताक ही जोडी आता कोणाच्याने तुटायची नाही. आंबट ताक आम्ल असते, त्यामुळे मातीवर त्याचा थोडा तात्पुरता परिणाम होतो हे खरे. पण रोज जड पाणी घालून पंधरवड्यातून एकदा ताक देणे म्हणजे सबंध महिना तेलकट खाऊन एक एकादशी करण्यासारखे आहे. द्यायचेच असेल तर एका वाटीत आठ-दहा वाट्या पाणी घालून द्यावे, आणि ते बिनमिठाचे असावे. आमच्याकडे एका लग्नानंतर उरलेला मठ्ठा, मीठ, आले आणि कोथिंबिरीसकट, मोठ्या प्रेमाने झाडाला घातला गेला होता. ते झाड महिन्याभरात वाळले.

शनिवारातला रहिवासी

थोडे विरोधी मत नोंदवतो. कोथिंबीर कुंडीत लावूच नये. कोथिंबीर वडीला निदान एक मोठी, मातीसकट हातात मावणार नाही अशी जुडी लागते आणि तेवढी पाने देण्यास आपली सगळी बाल्कनी अपुरी पडेल. थंडीत, म्हणजे ज्या दिवसांत ती कुंडीत चांगली येते, नेमक्या त्याच दिवसांत ती मंडईत मातीमोल मिळते. आणि उन्हाळ्यात भाव कडाडतो तेव्हा आपल्या कुंडीत ती येत नाही. यावरून काय तो बोध घ्यावा. जे बाजारात जुडीनेच मिळते पण आपल्याला दोन पानेच लागतात, ते घरी लावावे. गवती चहा लावा. एक ठोंब कोणाकडूनही मागून आणता येतो, त्याची निगा जवळजवळ नसते, आणि सकाळी चहाचे आधण ठेवल्यावर दोन पाती कापून आणता येतात. फक्त पातीवरून उलटा हात फिरवू नका. कडा ब्लेडसारखी असते.

गच्चीवरचा माळी

रहिवासीसाहेब, वडीपुरते आपले म्हणणे मान्य आहे. परंतु पोह्यांवर भुरभुरायला चार काड्या हव्या असतात तेव्हा कोणी मंडईत जात नाही, आणि जुडीतली उरलेली कोथिंबीर फ्रीजमध्ये काळी पडून फेकली जाते, ती आपण हिशेबात धरलेली नाही.

आजीची फोडणी

ताई, घरात ऐकावे लागते त्याचे उत्तर कुंडीपेक्षा कढईत मिळेल, म्हणून मी वापराबद्दल लिहिते.

पानांचा वास म्हणजे त्यांतले उडून जाणारे तेल. कोवळी, मऊ पाने, म्हणजे कोथिंबीर, पुदिना, बेसिल ही गॅस बंद केल्यावर घालावीत. जाड, चिवट पाने, म्हणजे कढीलिंब, ती मात्र तेलातच खुलतात. आमटीवर वरून कच्चा कढीलिंब टाकून काही साधत नाही, तो ताटाच्या कडेलाच जायचा. घरच्या झाडाचा खरा फायदा असा की पाने फोडणीच्या क्षणी तोडता येतात. धुतलेली पाने नीट पुसून घ्यावीत, नाहीतर तेल अंगावर येते. झाड छाटले म्हणजे पाने खूप निघतात; ती सावलीत वाळवून, थोड्या तेलावर कुरकुरीत परतून, भाजलेले तीळ, सुके खोबरे, लाल तिखट, मीठ आणि चिमूटभर साखर घालून कोरडी चटणी करावी. ती भाकरीबरोबर पंधरा दिवस सहज पुरते. छाटणीने झाडालाही फांद्या फुटतात, नाहीतर कढीलिंब एकाच काठीने छताला जाऊन टेकतो.

तुमच्या बाल्कनीत उन्हाळ्यात ऊन नसते, तर त्या दिवसांसाठी पानओवा लावा. जाड, लवदार पानांचे ते झाड कांडी खोचली की लागते, अर्धवट उन्हात चालते आणि पाणी कमी पडले तरी रुसत नाही. जास्त झाले तर मात्र कुजते. ओव्याचे दाणे देणारे झाड वेगळे, वास तेवढा सारखा. त्याची पाने डाळीच्या पिठात बुडवून केलेली भजी पावसाळ्यात एकदा घरच्यांपुढे ठेवा. मग कुंड्यांविषयी कोणी बोलणार नाही.

हळदही तशीच. अक्षय तृतीयेच्या सुमारास ओल्या हळदीचे दोन डोळे असलेला तुकडा मोठ्या कुंडीत पुरला की श्रावणापर्यंत हातभर पाने होतात. माझे माहेर कोकणातले, त्यामुळे नागपंचमीच्या पातोळ्यांना हळदीचे पान हवेच. तांदळाचे पीठ पानावर थापून, गूळखोबऱ्याचे सारण घालून, पान दुमडून वाफवले की झाकण उघडताच जो वास घरभर पसरतो, तो कोणत्याही इसेन्सने येत नाही. पान तोडून आणताना कोवळे घेऊ नये, ते वाफेत फाटते. पुण्यात ही पाने आयत्या वेळी शोधत फिरावे लागते. डिसेंबर-जानेवारीत पाने वाळली की खालची हळद लोणच्याला होते, ते वेगळेच.

बेसिलसाठी महागडे पाकीट आणू नका. फालुद्यात घालतो तो सब्जा त्याच जातीचा आहे. वाण्याकडचे बी पेरले तरी उगवते. वास इटालियन बेसिलपेक्षा थोडा उग्र असतो, पण मुलांच्या पास्त्याला चालतो. त्याला थंडी मानवत नाही, त्यामुळे आता न पेरता फेब्रुवारीअखेर पेरा आणि कुंडी सकाळचे ऊन येणाऱ्या खिडकीत ठेवा. तुळशीसारखीच मंजिरी दिसली की खुडत राहावे, म्हणजे पाने येत राहतात. ही पाने फ्रीजमध्ये ठेवू नयेत, काळी पडतात. देठ पाण्यात बुडवून ओट्यावरच ठेवावीत.

सावलीतली कुंडी

सर्वांचे मनापासून आभार. महिन्याभराने लिहिते आहे, कारण काही सांगण्यासारखे घडल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पोळपाटावर धणे फोडले. दोन वाट्या खरेच सुटतात. नवव्या दिवशी अंकुर दिसले आणि आता रोपे चार बोटे उंच आहेत. या वेळी ती ताठ आहेत आणि पाने रुंद आहेत. ऊन कालपासून सोफ्याच्या पायापर्यंत येऊ लागले आहे. पुदिन्याच्या चारपैकी तीन काड्यांना मुळे सुटली. कढीलिंबाच्या कुंडीवर पांढरा थर होता, बोटाने खरवडला तर चुन्यासारखा निघाला. त्याला आता पिण्याचे पाणी देते आहे आणि ताक बंद केले आहे. हे काकूंना अद्याप सांगितलेले नाही.

एक नवीन शंका आहे. कढीलिंबाच्या शेंड्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखे काळे-पांढरे ठिपके दिसले, म्हणून काडीने काढायला गेले, तर ते हलले. आज त्यांतला एक हिरवागार आणि करंगळीएवढा झाला आहे. त्याला डिवचल्यावर डोक्यातून नारिंगी रंगाची दोन शिंगे बाहेर काढतो आणि उग्र वास येतो. दोन फांद्यांची पाने त्याने संपवली. फवारणी करावी का?

मातीपाणी

फवारणी करू नये. पाने आपण खाणार आहात. ते लिंबावरच्या फुलपाखराचे सुरवंट आहेत. कढीलिंब लिंबाच्याच कुळातला असल्याने ती फुलपाखरे त्याच्यावरही अंडी घालतात. लहानपणी विष्ठेसारखे दिसून पक्ष्यांना चकवायचे आणि मोठेपणी शिंगे काढून घाबरवायचे, अशी त्यांची रीत आहे. झाड लहान असल्यामुळे हाताने उचलून काढणे पुरेसे आहे. आसपास लिंबाचे किंवा बेलाचे मोठे झाड असेल तर तेथे नेऊन सोडावेत. रोज सकाळी कोवळ्या शेंड्यांवर, पानांच्या दोन्ही बाजूंना, मोहरीएवढी फिकट पिवळी अंडी दिसतात का ते पाहावे आणि पुसून टाकावीत.

सावलीतली कुंडी

खाली सोसायटीच्या फाटकाशी बेलाचे झाड आहे. मुलगा सुरवंटांना वाटीत घालून तेथे नेऊन सोडून आला. तीन सुरवंट होते; चौथा सापडत नाही, पण पाने अजून कमी होत आहेत.

शनिवारातला रहिवासी

पानांच्या मधल्या शिरेवर, वरच्या बाजूला, अंग चोरून बसलेला असेल. बोट फिरवून पाहा. डोळ्यांना तो दिसत नाही.